आमोस बोलला, कापणीवाला कधी बोलला?

दोस्तहो, धर्मग्रंथ म्हटला की आपली निम्मी बैठक उठून जाते. बरोबरच आहे. ग्रंथांनी आपल्याला काय दिलं ते सांगायची गरज नाही. पण उठायच्या आधी जरा थांबा. मी देवाचं पुस्तक विकायला आलेलो नाही. पावणेतीन हजार वर्षांपूर्वी एका मेंढरंवाल्यानं भर देवळात केलेलं भांडण घेऊन आलोय. ज्यूंच्या हिब्रू ग्रंथात ते आहे, ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारातही आहे. नाव आमोस. अध्याय नऊ. एका बैठकीत वाचून होतं, फार तर दोनदा चहा लागेल.

मराठी बायबल अशा माणसाला 'संदेष्टा' म्हणतं. संदेष्टा म्हणजे पोपट घेऊन बसलेला भविष्यवाला नव्हे. आज काय चाललंय ते तोंडावर सांगणारा, आणि त्याचा शेवट काय होणार तेही न घाबरता सांगणारा. ज्यांच्या नावावर स्वतंत्र पुस्तकं आहेत अशा संदेष्ट्यांत काळानं आमोस बहुतेक सगळ्यात पहिला धरतात.

या पुस्तकाबद्दल मला दोनच गोष्टी सांगायच्यात. आमोसनं जुलूम नेमका कुठं पकडला, ही एक. आणि त्याच्या पुस्तकात कोण बोलतच नाही, ही दुसरी. पहिली शिकण्यासारखी आहे. दुसरी टाळण्यासारखी.

आधी मुलूख समजून घेऊ. तिथं तेव्हा दोन राज्यं होती. दक्षिणेला यहूदा, राजधानी जेरुसलेम. उत्तरेला इस्राएल, राजधानी शोमरोन. इतिहासवाले तिला सामरिया म्हणतात. आमोस दक्षिणेतला. गाव तकोवा, जेरुसलेमच्या दक्षिणेला सोळाएक किलोमीटरवर, पलीकडं ओसाड रान. पण बोलायला गेला उत्तरेत. तिथं दुसरा यराबाम गादीवर होता. काळ इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाचा मध्य. लढाया जिंकलेल्या, सीमा वाढलेल्या, व्यापार जोरात. आजच्या पेपरच्या भाषेत सांगायचं तर विकास झाला होता.

कुणाचा झाला, त्याचा पुरावा जमिनीतून निघालाय. हार्वर्ड विद्यापीठाच्या लोकांनी सामरियात खोदकाम केलं, तेव्हा १९१० मध्ये शाईनं लिहिलेली शंभरेक खापरं सापडली. त्यांवर कविता नाही, प्रार्थना नाही. पावत्या आहेत! अमुक साल, अमुक गाव, अमक्याचं नाव, जुन्या द्राक्षदारूचा एक घडा, उंची तेलाचा एक घडा. हा कर होता की बड्या जमीनदारांच्या वतनाचा माल, यावर विद्वान भांडतात. भांडू देत. माल खेड्यातून निघाला आणि राजधानीत पोचला, एवढं तर खापरच सांगतं. पुढं १९३० च्या दशकातल्या खोदकामात हस्तिदंताच्या कोरीव कामाचे ढीगभर तुकडे मिळाले, लाकडी सामानावर बसवायचे. आता आमोसचा सहावा अध्याय उघडा. हस्तिदंती पलंगावर लोळणारे, वाडग्यानं दारू पिणारे, उंची तेल अंगाला चोळणारे, कळपातली कोवळी कोकरं खाणारे आणि वर गाणी रचत बसणारे लोक तो एकेक करून दाखवतो. खापरांवर जे जमा आहे, ते आमोसच्या पुस्तकात खर्ची पडलंय.

आता त्याची बोलायची रीत बघा. कवींनी तर बघाच.

पुस्तक सुरू होतं शेजाऱ्यांपासून. दिमिष्कवाल्यांनी लोखंडी मळणीच्या अवजारांनी माणसं चिरडली. गज्जावाल्यांनी गावंच्या गावं धरून गुलाम म्हणून विकली. सोर, अदोम, अम्मोन, मवाब, सगळ्यांचे गुन्हे तो मोजतो. अम्मोन्यांनी सीमा वाढवण्यासाठी गर्भवती बायांची पोटं फाडली. दर वेळी तोच ठेका, तीच सुरुवात. ऐकणारे इस्राएली खूश झाले असणार. शत्रूला शिव्या पडताना कुणाला गोड वाटत नाही? मग यहूदा येतो, म्हणजे बोलणाऱ्याचं स्वतःचं राज्य. तेही सोडत नाही. फास असा आवळत आवळत शेवटी तो ऐकणाऱ्याच्याच गळ्यात टाकतो. आता तुम्ही, इस्राएल!

आणि इथं गंमत बघा. शेजाऱ्यांचे गुन्हे लढाईतले आहेत. इस्राएलचे गुन्हे कुठले? बाजारातले. कर्जापायी माणूस विकला, तोही पायताणाच्या एका जोडाच्या किमतीला. गरिबाचं डोकं मातीत रगडलं. बाप आणि लेक एकाच पोरीकडं गेले. गहाण घेतलेल्या कपड्यावर वेदीशेजारी आडवे झाले. दंडाच्या पैशाची दारू देवाच्या घरात प्याले. रक्त सांडलेलं नाही, तलवार उपसलेली नाही. सगळं 'व्यवहारात' बसणारं. तरी आमोस हे सगळं त्याच यादीत टाकतो, त्याच ठेक्यात, गर्भवतीचं पोट फाडण्याच्या रांगेत.

माझ्या मते हा या पुस्तकाचा कणा आहे. युद्धातला अत्याचार आणि सावकाराच्या वहीतला अत्याचार त्याला वेगळे वाटत नाहीत. लोक पहिल्याला क्रौर्य म्हणतात आणि दुसऱ्याला धंदा. आमोस ही दोन नावं मानत नाही.

तो मोघम बोलत नाही हे ध्यानात घ्या. आठव्या अध्यायात व्यापाऱ्याची लबाडी तो सुटी करून दाखवतो. धान्य मोजून द्यायचं माप लहान केलेलं. नाणी तेव्हा नव्हती, चांदी तोलून घेत. ती तोलायचं वजन जड केलेलं. तराजूत खोट. वर धान्यात भुसा मिसळलेला. म्हणजे गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी नागवला, देतानाही आणि घेतानाही. ज्यानं खोट्या मापाचं रेशन घरी नेलंय, ताग्यावर डाग पडला म्हणून ज्याच्या पगारातून पैसे कापलेत, त्याला हा अध्याय कुणी समजावून सांगायला नको.

त्याच अध्यायात व्यापारी कुरकुरतात की हा शब्बाथ कधी संपतोय आणि आम्ही धान्याची कोठारं कधी उघडतोय. शब्बाथ म्हणजे आठवड्याचा सातवा दिवस. मालकानं काम करायचं नाही, गड्यानं नाही, बैलानंसुद्धा नाही. याची खूण आपल्या कोकणात आहे. बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गाववाले त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. एक दिवस घाणा थांबला की गडी आणि बैल दोघांच्या मानेवरचं जू उतरतं. आमोसच्या व्यापाऱ्याला खुपतं ते हेच. देव त्याला चालतो, देवाची सुटी चालत नाही.

मग न्याय कुठं मागायचा? तिथं न्याय गावच्या वेशीत होई. वडीलधारे वेशीत बसत, तक्रारी ऐकत, निवाडा देत. आमोसच्या पाचव्या अध्यायात 'वेस' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तिथंच लाच चालते, तिथंच गरिबाला बाजूला सारतात, तिथं खरं बोलणाऱ्याचा तिरस्कार होतो. हिब्रूत न्यायाला 'मिशपात' म्हणतात. नुसता चांगुलपणा असा त्याचा अर्थ नाही. वेशीत बसून दिलेला निवाडा, असा ठोस अर्थ त्यात आहे. म्हणून आमोस न्याय मागतो तेव्हा तो दानधर्म मागत नसतो. माप नीट करा, वजन नीट करा, गहाण परत करा, वेशीतला निकाल विकू नका, असं तो मागतो. चर्चमध्ये त्याच्या नावानं दयेचं प्रवचन होतं तेव्हा हे सगळं पुसून जातं.

याच अध्यायात त्याचं सगळ्यात गाजलेलं बोलणं आहे. तुमचे सण मला नकोत, तुमचे बळी नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट नको, असं तो देवाच्या नावानं म्हणतो आणि न्यायाला वाहत्या पाण्याची उपमा देतो. त्या मुलखातले बरेचसे ओढे पावसात फुगतात आणि पुढं कोरडे पडतात. म्हणून तो बारमाही ओढा सांगतो. सणासुदीला वाहणारा आणि एरवी आटणारा न्याय त्याला चालत नाही.

देवळातले लोक हे किती दिवस ऐकून घेणार? बेथेल हे उत्तरेचं मोठं देवस्थान. तिथला पुजारी अमस्या आधी राजाला निरोप धाडतो की हा माणूस कट करतोय, याचं बोलणं देशाला सोसणार नाही. मग आमोसला सुनावतो की तुझ्या मुलखात चालता हो, तिकडंच भविष्य सांग आणि पोट भर. हे राजाचं देऊळ आहे. ऐका, दोस्तहो! पुजाऱ्याच्या तोंडून खरं निसटलं. देवाचं देऊळ म्हणाला नाही, राजाचं म्हणाला. पुरोहितशाही आणि राजसत्ता यांचं साटंलोटं एवढ्या थोडक्यात क्वचितच उघडं पडलं असेल.

आमोसचं उत्तर तेवढंच सरळ. मी धंदेवाईक संदेष्टा नाही, त्यांच्या टोळीतला चेलाही नाही. मी जनावरं राखणारा, आणि रानउंबरांची मशागत करणारा. हे झाड आपल्या उंबराच्या भावकीतलं. फळ गरिबाच्या खाण्यातलं, आणि त्याला चीर पाडल्याशिवाय ते नीट पिकत नाही. म्हणजे आमोस झाडावर चढून एकेक फळ चिरणारा माणूस. तकोवा उंचावर आहे, ही झाडं तिथं होत नाहीत. त्याला कामासाठी खालच्या मुलखात उतरावंच लागलं असणार. त्याची भाषा पण तशीच कामातून आलेली. पेंढ्यांनी लादलेली गाडी, चाळण, सिंहाच्या तोंडातून ओढून काढलेले मेंढराचे दोन पाय आणि कानाचा तुकडा. भिंतीला लावलेला ओळंबा मराठी बायबलात आहे, पण तो हिब्रू शब्द ग्रंथभर फक्त तिथंच येतो आणि अलीकडचे बरेच अभ्यासक त्याचा अर्थ 'कथील' असा घेतात. उन्हाळी फळांची टोपली दिसते तिथं तर कोटीच आहे. फळाला हिब्रूत 'कइत्स', शेवटाला 'केत्स'. टोपलीकडं बघता बघता शेवट ऐकू येतो. भाषांतरात ही कोटी मरते.

आता जन्माची गोष्ट. इस्राएली लोकांचा समज होता की आपण देवानं निवडलेले. मिसरच्या गुलामीतून त्यानं आपल्यालाच सोडवलं. आमोस या समजाला दोनदा हात घालतो. तिसऱ्या अध्यायात म्हणतो, निवडलंय म्हणूनच हिशेब जास्त कडक होईल. आणि नवव्या अध्यायात त्याच्याही पुढं जातो. तुम्ही मला कूशी लोकांसारखेच, असं देव म्हणतो. कूशी म्हणजे नाईलच्या वरच्या मुलखातले काळे लोक. तुम्हाला मिसरातून आणलं, तसं तुमच्या वैऱ्यांना, पलिष्ट्यांना कफतोरातून आणि अरामी लोकांना कीरहून आणलं. म्हणजे सुटकेची कहाणी एकट्याच्या मालकीची नाही! ज्या कहाणीवर सगळी कुळी उभी, तीच त्यानं सगळ्यांत वाटून टाकली. जन्माच्या अभिमानावर इतका नेमका घाव धर्मग्रंथात सहसा सापडत नाही.

पण ग्रंथात लिहिलं म्हणून लोक सुधारतात असं नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असे दोन थर होते, आणि गोरे काळ्यांशी बेटीव्यवहार करत नसत. पुढं हेच लोक इस्राएल देशात गेले, तेव्हा १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांसाठी आईकडच्या पिढ्या तपासायचा फतवा काढला. कुळी शुद्ध आहे का बघायला! बेने इस्राएलांनी १९६४ मध्ये जेरुसलेमात ठाण मांडून आंदोलन केलं, तेव्हा तो फतवा बदलावा लागला. आमोसचा नववा अध्याय त्या धर्मपीठाच्या कपाटात होताच. कपाटातला अध्याय उपयोगी पडला नाही, रस्त्यावर बसणं पडलं.

अमेरिकेतल्या काळ्यांनी मात्र हा आमोस कपाटातून बाहेर काढला. मार्टिन ल्यूथर किंगनं २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या सभेत न्यायाच्या पाण्याची ती उपमा घेतली. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रातही आमोस आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते मेम्फिस. तिथं फेब्रुवारी १९६८ मध्ये कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन सफाई कामगार मेले. तेराशेच्या आसपास काळे सफाई कामगार संपावर गेले. आम्ही माणूस आहोत, एवढं लिहिलेले फलक गळ्यात. ३ एप्रिलला त्यांच्यापुढं केलेल्या शेवटच्या भाषणात किंगनं पुन्हा आमोसचं नाव काढलं. दुसऱ्या दिवशी त्याला गोळी घातली. संप कामगारांनी १६ एप्रिलला जिंकून संपवला. बेथेलच्या देवळातलं बोलणं कचरागाडीपर्यंत पोचलं ते असं.

इथवर आमोसची बाजू झाली. आता दुसरी.

काही मित्र लगेच त्याला आपला कॉम्रेड करून टाकतील. घाई करू नका. पहिल्या ओळीत त्याच्यासाठी 'नोकेद' असा शब्द आहे. हा शब्द हिब्रू ग्रंथात आणखी एकाच ठिकाणी येतो, आणि तो चक्क मवाबच्या राजाबद्दल, ज्याच्याकडं लाखाच्या हिशेबात मेंढरं होती. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की आमोस कळपाचा मालक असेल, भाकरीला महाग असलेला मेंढका नव्हे. असेलही. माणूस कुठल्या घरात जन्मला यावर त्याचं बोलणं तोलायचं, तर त्यानंच मोडलेला तराजू आपण पुन्हा उचलला असं होईल. बोलणं खरं आहे का ते बघा.

माझी तक्रार वेगळी आहे. चौथ्या अध्यायात तो शोमरोनच्या श्रीमंत बायांना बाशानच्या माजलेल्या गाई म्हणतो. गरिबाला पिळणाऱ्या बाईला जाब विचारलाच पाहिजे. पण पुरुषांना तो त्यांच्या कामावरून धरतो, बायांना अंगावरून. आणि अमस्याशी भांडताना शाप कुणाला पडतो? त्याच्या बायकोला. ती वेश्या होईल, पोरं तलवारीनं मरतील. तिनं काय केलं होतं? पुजाऱ्याच्या पापाचं बिल बाईच्या नावावर फाडायची ही सवय आपल्याही कवितेत आहे, रागाच्या भरात आईबहिणीवरून जाणारी. ती क्रांती नव्हे.

दुसरं असं की आमोसचा देव शिक्षा देतो ती सगळ्या देशाला. इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या फौजेनं शोमरोन घेतलं. तिथून सत्तावीस हजारांवर माणसं हद्दपार केल्याची बढाई राजा सर्गोननं शिलालेखात मारलीय. हस्तिदंती पलंगवाले गेले असतील, ठीक. पण ज्याचं पायताणाच्या किमतीला दिवाळं निघालं होतं, तोही त्या लढाईत भरडला गेला असणार. पिळला गेलेला आणि पिळणारा एकाच आगीत टाकणं, याला मी न्याय म्हणणार नाही. पुस्तकाच्या अगदी शेवटी दाविदाचं पडकं घर पुन्हा उभं राहण्याची गोड गोष्ट येते. बरेच अभ्यासक ती नंतर जोडलेली मानतात, आणि वाचताना सांधा दिसतोच.

आणि सगळ्यात मोठं उणं. नऊ अध्यायांत देव बोलतो, आमोस बोलतो, पुजारी बोलतो, व्यापारी बोलतात, श्रीमंत बायासुद्धा नवऱ्यांना दारू आणा म्हणतात. गरीब एकदाही बोलत नाही. तो विकला जातो, तुडवला जातो, वेशीतून हाकलला जातो. त्याच्या वतीनं सगळं बोललं जातं. त्याला विचारलं जात नाही.

मग तो बोललाच नाही का? बोलला. तो सापडायला मात्र १९६० साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी समुद्रकाठच्या मेसाद हशव्याहू नावाच्या जुन्या गढीत एक खापर निघालं. आमोसनंतर शंभरावर वर्षांचं, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, दक्षिणेतल्या यहूदाच्या भाषेत लिहिलेलं. चौदा-पंधरा ओळी. एका कापणीच्या मजुराची तक्रार, गढीच्या अंमलदाराकडं. मी कापणी केली, मोजून धान्य कोठारात टाकलं, कामात खोट ठेवली नाही. तरी होशयाहू आला आणि माझा कपडा घेऊन गेला. माझ्यासोबत उन्हात कापणी करणारे माझे भाऊ साक्ष देतील. माझा दोष नाही, कपडा परत द्या. अर्थ असा आहे. लेखनिकाला सांगून लिहून घेतलं असावं, कारण बोलणं बोलणाऱ्याचंच वाटतं. कपडा नेला, कपडा नेला, असं तो पुन्हा पुन्हा येतो तिथंच. शेवटी दयाही मागतो असं तुटक्या ओळींवरून दिसतं. पण आधी काम सांगतो, मग माप, मग नेणाऱ्याचं नाव, मग साक्षीदार. बघा, होशयाहूचं नाव खापरावर आहे. मजुराचं नाही.

गहाणाचा कपडा सूर्य मावळायच्या आत परत द्यावा असा नियम त्यांच्याच ग्रंथात होता. तो मोडणाऱ्यांवर आमोस देवळात गरजला होता. शंभर वर्षांनी कपडा जातच होता. गर्जना ग्रंथात गेली, तिला सोन्याचं पान मिळालं. तक्रार मातीत गेली आणि अडीच हजारांवर वर्षं पडून राहिली.

आपल्याकडं आमोससारखं लिहिणारे कमी नाहीत. गर्जना येते, शाप येतात, उपमा तर पोत्यानं येतात. तो राग खरा आहे, मीही त्यातलाच. पण त्या कवितेत गरीब असतो तो बहुधा आमोसच्या पुस्तकातल्यासारखा, तुडवला जाणारा आणि गप्प. आमोसकडून घ्यायची ती त्याची नजर घ्या. माप बघा, वजन बघा, दंडाची वही बघा, वेशीत कोण बसलंय ते बघा, आणि देवळाचा मालक कोण ते विचारा. लिहायला बसताना मात्र त्या कापणीवाल्याशेजारी बसा. काम किती झालं, काय नेलं, कुणी नेलं, साक्षीला कोण आहे, हे त्याच्या तोंडून लिहून घ्या. आणि या वेळी खाली त्याचं नाव घाला.